हाडाचं माप

"अडतीस सात," ज्योतीरामनं नडगीचं मिलिमीटरमधलं माप सांगितलं आणि उत्कर्षानं ते वहीत लिहिलं. मग तिनं साळुंकीच्या पायातल्या जुन्या कड्यावरचा आकडा वाचायला घेतला. एरवी ती तो आधी वाचायची. त्या सकाळी कड्यावर चिखल वाळून बसला होता, तो नखानं खरवडेपर्यंत माप होऊन गेलं. एवढीच काय ती उलटापालट. "चारशे सतरा," ती स्वतःशीच म्हणाली, मागची पानं उलटू लागली आणि एकाएकी प्लास्टिकची खुर्ची मागे सारून उभीच राहिली. "काका, ही आंबेठाणची आहे! आबाजींच्या शेतातली! गेल्या जानेवारीत आपणच कडं घातलंय हिला." चाकणच्या पलीकडची साळुंकी आकुर्डीत, कॉलेजच्या कँटीनमागे, सांडलेल्या पोह्यांवर जगत होती. उत्कर्षाला इतका आनंद झाला की तिनं तिथूनच आपल्या सरांना फोन लावला. ज्योतीरामच्या मुठीत पक्षी तसाच होता. त्यानं मान तिरकी करून उघडं पान पाहिलं. चारशे सतरा. आंबेठाण. पूर्ण वाढलेली. वजन एकशे बारा. नडगी एकोणचाळीस सहा. त्यानं ते दोनदा वाचलं. वाढ पुरी झालेल्या पक्ष्याचं हाड लांबत नाही की आखडत नाही, हे उत्कर्षानंच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वजन सकाळ-संध्याकाळ बदलतं, पिसं झडतात, नवी येतात, पण नडगी एकदा भरली की मरेपर्यंत तेवढीच. उत्कर्षा पाठमोरी होऊन फोनवर बोलत होती. ज्योतीरामनं पक्षी डाव्या हातात पुन्हा नीट धरला, मान दोन बोटांच्या बेचक्यात, पाय मोकळा, आणि मापाच्या व्हर्नियरचे सरकते जबडे नडगीच्या दोन टोकांना टेकवले. अलगद, नेहमीसारखे. एकोणचाळीस पाच. त्यानं जबडे उघडले. कँटीनमध्ये कुकरची शिट्टी झाली. जबडे रिकामेच मिटून त्यानं डायलवरचा काटा शून्यावर येतो का ते पाहिलं; आला. हात तोच, व्हर्नियर तोच, पक्षीही तोच. मधल्या मिनिटात घडलं होतं ते इतकंच, की पक्षी कुठला आहे हे त्याला कळलं होतं.

त्यानं मूठ उघडली. साळुंकी कँटीनच्या पत्र्यावर जाऊन बसली, पिसं झटकली आणि त्याला शिव्या घातल्यासारखी ओरडली. उत्कर्षा फोन ठेवून म्हणाली, "पंधरा किलोमीटर तरी आली असेल ना, काका? आपल्या अख्ख्या कामात पहिलीच." तो "व्हय की" म्हणाला. एवढंच बोलला आणि पुढच्या पिशवीची गाठ सोडू लागला. बोलायची वेळ तीच होती. ती गेली. पुढच्या नऊ साळुंक्यांची मापं त्यानं घेतली आणि प्रत्येक वेळी जबडे मिटताना त्याचा अंगठा त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

चोवीस वर्षं ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत मापं घेत होता. त्या खोलीला स्टँडर्ड रूम म्हणत. भर मे महिन्यात तो तिथं स्वेटर घालून बसे, कारण खोलीत बारा महिने वीस डिग्री ठेवावी लागे. लोखंड उन्हानं फुगतं, हाताच्या उबेनंसुद्धा फुगतं, म्हणून मशीनवरून आलेला शाफ्ट तासभर थंड होऊ द्यायचा आणि मगच त्याला हात लावायचा. परांड्याकडच्या कोरडवाहू गावातून आलेल्या पोराला ही गोष्ट फार आवडली होती. लोखंडालासुद्धा बसून दम खायला लागतो, मग खरं सांगतं. शिफ्ट संपता संपता सुपरवायझर शेखर दारात उभा राहून म्हणायचा, "सोड की राव, दोन मायक्रॉनला कोण बघतंय?" ज्योतीराम म्हणायचा, "मी बघायलोय न्हवं." त्यानं अडवलेल्या मालामुळे एकदा अख्खी लाइन दीड दिवस बंद राहिली होती, लोक त्याच्या टेबलावरून जाताना बोलेनासे झाले होते. त्याला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. माणसाजवळ एक तरी जागा अशी असावी जिथं तो खोटं बोलत नाही, आणि त्याची ती जागा उजव्या हाताच्या अंगठ्यात होती. मग कॅमेरे लावलेलं मशीन आलं. ते शाफ्टला स्पर्शही न करता चारशे मापं घेई. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. त्यानंतर तो भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये जुनी मापयंत्रं दुरुस्त करत बसायचा, आणि तिथंच एक दिवस उत्कर्षा आपला व्हर्नियर घेऊन आली होती. त्यानं तो बोटांत धरून एकदा उघडला-मिटला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो चार शतांश खोटं बोलतोय." मग तिनं विचारलं होतं, "काका, पक्षी मोजाल का?"

काम समजायला सोपं होतं. आंबेठाणच्या शेतांपासून चाकणची एमआयडीसी, आकुर्डी आणि थेट वाकडच्या टॉवरांपर्यंत पाच ठिकाणी बारीक जाळी लावून साळुंक्या धरायच्या. त्यांचं वजन, पंख, नडगी, छातीवरचं मांस बघून लिहायचं, पायात कडं घालायचं, सोडून द्यायचं. शहर पक्ष्याच्या शरीराचं काय करतं, हा उत्कर्षाच्या पीएचडीचा प्रश्न. "आधीपासून काही ठरवायचं नाही हां, काका," ती म्हणाली होती, "लहान निघतील, मोठी निघतील, काहीही निघेल." त्यानं मान हलवली होती. पण त्याच्या आत ते केव्हाच ठरलेलं होतं. वाकडच्या मॉलमागे पार्किंगमध्ये पॉपकॉर्न टिपणारी पहिली साळुंकी त्यानं हातात घेतली, तिची पिसं मळकट, डोळ्याभोवतालचं पिवळं कातडं फिकट, आणि ती इतकी हलकी होती की मूठ रिकामीच आहे असं वाटून त्यानं क्षणभर घट्ट आवळली होती. त्या क्षणी त्याला कोण आठवलं होतं हे त्यानं उत्कर्षाला कधी सांगितलं नाही. बाप आठवला होता.

बाप, धोंडीबा, सहा फुटांच्या वर होता. रहाटणीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो आयुष्यात तीनदा आला आणि तिन्ही वेळा न्हाणीघराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतलं. रात्री तो हॉलमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा झोपायचा. शेवटच्या खेपेला सकाळी गॅलरीत उभा राहून त्यानं खाली कंपन्यांच्या बसची वाट पाहणाऱ्या रांगेकडे बराच वेळ बघितलं होतं आणि मग म्हणाला होता, "हितं माणसं बारकी व्हायलीत रं." त्या रांगेत जाऊन उभं राहायला ज्योतीराम तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. त्याला ते वाक्य लागलं, आणि लागून राहिलं. कंपनीत भरती झाला तेव्हा तपासणीच्या कार्डावर त्याची उंची एकशे एकाहत्तर लिहिली होती. निघताना एकशे एकोणसत्तर. डॉक्टर हसून म्हणाले होते, "वयानं मणके दबतात, सगळ्यांचंच होतं." पण माप घेणाऱ्या माणसाला दोन सेंटीमीटर हसण्यावारी नेता येत नाहीत. वीस डिग्रीच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, वाकून वाकून ते कुठंतरी गेले होते, आणि कुणी नेले हे त्याला माहीत होतं. इकडची केळी बारकी, इकडच्या शेंगा पोचट, इकडची पोरं हाडं नसल्यासारखी. प्रभावती, त्याची बायको, कधी कधी वैतागून म्हणायची, "गावाकडची चिमणीबी तुमाला कोंबडीएवढी दिसती." तो हसायचा. हसण्यासारखंच होतं ते.

त्या आकुर्डीच्या दिवशी दुपारी घरी आल्यावर तो जेवला नाही. प्रभावतीच्या हातातल्या बांगड्या मागून घेतल्या, तिनं काही न विचारता काढून दिल्या. मग पेन, चमच्याचा दांडा, कुलपाची किल्ली, देवघरातल्या समईची वात पुढं सारायची काडी. प्रत्येक वस्तू दहा-दहा वेळा मोजली, डोळे मिटून जबडे लावून, मग डोळे उघडून. दहाही वेळा तेच माप. व्हर्नियर खरा होता. हातही खरा होता. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण मग उरत काय होतं? तो गॅलरीत गेला, आत आला, फॅन बंद केला, चालू केला. किल्ली जिथं संपते तिथं संपते. ती सांगते की इथं मी संपले. साळुंकीची नडगी तसं सांगत नाही. वर सांध्यात एक खाच असते, खाली दुमडलेल्या बोटांची मुरड, मधे कातडं, खवले आणि धडधड. हाड नेमकं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हे शेवटी मोजणाऱ्यालाच ठरवावं लागतं. केसाएवढी जागा. त्या केसाएवढ्या जागेत तो दोन वर्षं काय घालत आला होता? शहरातली साळुंकी हातात आली की त्याचा अंगठा किंचित जास्त मिटत असेल, आंबेठाणच्या साळुंकीला तो जरासा मोकळा राहत असेल. त्याला न सांगता. चोवीस वर्षं ज्या अंगठ्यावर तो माणूस म्हणून उभा होता, तो अंगठा बापाचं वाक्य खरं करत बसला होता.

"बांगड्या झाल्या का मोजून?" प्रभावतीनं विचारलं. "का वितळवायच्यात?"

"मी खोटं लिवून दिलंय," तो म्हणाला. "दोन वर्सं."

ती समोर बसली. तिला त्यानं सगळं सांगितलं, कडं, चिखल, दोन आकडे. ती शिवणकाम करायची. तिला मापातलं कळत होतं. तिनं विचारलं, "मुद्दाम केलंय का?"

"न्हाई."

"मग खोटं कसं? चूक म्हणा."

"चूक असती तर कधी हिकडं गेली असती, कधी तिकडं," तो म्हणाला. "ही एकाच बाजूला जायलीय."

प्रभावतीनं बांगड्या परत हातात चढवल्या. "त्या पोरीला सांगा मग," ती म्हणाली. एवढं सोपं करून तिनं तव्यावर भाकरी टाकली.

पण तो सांगू शकला नाही. गुरुवारी आंबेठाणची पाळी होती. आबाजींच्या बांधावर जाळी लावून ते दोघं बसले, समोर ज्वारी कमरेएवढी, आणि तिच्या मागे, जिथं गेल्या वर्षापर्यंत मोठा वड होता, तिथं रस्ता रुंद करायला आणलेली पिवळी मशिनं. आबाजी मूळ गावचे. निम्मी जमीन कंपन्यांना गेलेली, उरलेल्यात हौसेनं ज्वारी करायचे आणि पक्ष्यांना खाऊ द्यायचे. ते येऊन उकिडवे बसले. उत्कर्षानं त्यांना चारशे सतराची गोष्ट सांगितली. "वडावं ऱ्हायची ती," आबाजी म्हणाले, जणू ओळखीच्या घरातली सून. "वड पाडला त्या दिशी समदा थवा दोन दिवस हितंच घिरट्या घालीत व्हता. मग कुटं गेला कुनाला ठावं. म्हंजी आकुर्डीला जाऊन नांदती म्हना." मग ज्योतीरामच्या हातातल्या पक्ष्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "काय वं, हितली आन तितली, फरक पडतो का?" उत्कर्षा उत्साहानं म्हणाली, "पडतोय, आबाजी. इथल्यांचे पाय लांब आहेत, जवळजवळ एक मिलिमीटरनं." आबाजींनी खालचा ओठ पुढं काढला. "आमाला तर न्हाई दिसत. साळुंकी ती साळुंकी." ज्योतीरामनं मान वर केली नाही. त्याच्या हातातली साळुंकी गरम होती, छाती भरलेली, अंगठ्याखाली तिच्या छातीचं हाड मांसात बुडालेलं. तो जबडे मिटायला गेला आणि थांबला. किती मिटू? आयुष्यात पहिल्यांदा त्याला हा प्रश्न पडला होता. त्यानं अंगठा सैल सोडला, मग घाबरून आवळला, मग पुन्हा सैल. चाळीस एक. अडतीस आठ. एकोणचाळीस चार. "काका, काय झालं?" "पाय हलवायलीय," तो म्हणाला. पक्षी अजिबात हलत नव्हता.

तीन आठवडे असे गेले. बसमध्ये समोरच्या माणसाच्या मनगटाचं हाड दिसलं की तो मनात जबडे लावायचा. आरशात दाढी करताना त्याला स्वतःचा गाल कधी खोल, कधी भरलेला दिसायचा, आणि दोन्ही वेळा खराच वाटायचा. जर नडगी खोटी, तर आणखी काय काय खोटं? अडवलेला माल? ती बंद पडलेली लाइन? बाप खरंच सहा फुटांच्या वर होता, की त्याला खाली बसून वर बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांनी मोजलं होतं? घरात बापाचा फोटो होता तो बसलेला. उभ्या माणसाचं माप कुणी घेतलं नव्हतं. न्हाणीघराची चौकट मात्र त्यानं टेपनं मोजून पाहिली: सहा फूट एक इंच. मग तो तिथंच पाटावर बसून राहिला. चौकट खरी निघाली, बाप सहा फुटांच्या वरच ठरला, याचा त्याला आनंद झाला आणि तेवढ्यानंच तो स्वतःवर चिडला. पुन्हा तेच. जे हवंय तेच मोजायचं.

मग एका सकाळी आकुर्डीत, जाळी लावून झाल्यावर, उत्कर्षानं लॅपटॉप उघडून त्याच्यापुढं सरकवला. पाच ठिकाणांचे पाच ठिपके, आंबेठाणपासून वाकडपर्यंत खाली उतरत गेलेली रेघ. "ही नडगी," ती म्हणाली. "वजन तर कुणीही दाखवेल, काका. वजन आज आहे, उद्या नाही. पण हाडच लहान होतंय म्हणजे पिल्लू वाढतानाच काहीतरी कमी पडतंय. माझ्या थीसिसचा कणा आहे हा. सर म्हणाले, एवढी स्वच्छ रेघ त्यांनी पाहिली नव्हती. हे तुमच्या हातामुळं." ती हे अगदी मनापासून म्हणाली. तिचे डोळे झोप न झाल्यानं लाल होते. महिनाअखेर तिला ते सगळं पाठवून द्यायचं होतं. ज्योतीरामनं रेघेकडे बघितलं. इतकी सरळ रेघ त्यानं कारखान्यातसुद्धा क्वचित पाहिली होती, आणि जेव्हा पाहिली होती तेव्हा पहिला संशय त्याला मोजणाऱ्याचाच आला होता.

"मॅडम, ती पुसा," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. तिला वाटलं, पडद्यावर काही लागलंय. तिनं ओढणीचं टोक पुढं केलं.

"रेघ पुसा म्हणतोय. ती माझी हाय. पक्ष्यांची न्हाई."

मग त्यानं वही मागून घेतली, चारशे सतराची दोन्ही पानं काढून शेजारी शेजारी धरली. बोलताना त्याचा आवाज सपाट होता, शेखरला माल परत पाठवायची कारणं सांगायचा तसाच. पहिलं माप, दुसरं माप, मधे काय कळलं. त्यानंतरच्या गुरुवारी आंबेठाणला एकाच पायाची तीन मापं कशी आली. तो थांबला तेव्हा जाळ्यात दोन पक्षी अडकून फडफडत होते आणि दोघांपैकी कुणीही उठलं नव्हतं. शेवटी उत्कर्षा उठली, तिनं पक्षी सोडवले, पिशव्यांत घातले, परत आली.

"तीन आठवडे झाले याला," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि तुम्ही मला आज सांगताय. आत्ता." ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाचशे चाळीस पक्षी, काका. मी घरी काय सांगून हे करतेय तुम्हाला माहितीय? स्थळं परत पाठवतेय मी." तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. "तुम्हाला गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. दोन वेगवेगळ्या वेळेची मापं, इकडंतिकडं होतातच, मी स्वतःच सोडून दिलं असतं ते."

"म्हनून तर सांगायलोय."

ती चेहरा दोन्ही हातांनी चोळून म्हणाली, "का पण? शहरातली लहानच असली पाहिजेत, असं का वाटत होतं तुम्हाला?" ज्योतीरामला बाप सांगायचा होता, रांग, बुटाची नाडी, दोन सेंटीमीटर. एवढंच तोंडातून आलं, "मी हितं चोवीस वर्सं ऱ्हायलोय, मॅडम. काहीतरी कमी झालंय. ते कुटंतरी दिसायला पायजे असं वाटायचं."

आठवडाभर तिचा फोन आला नाही. तो भोसरीला वर्कशॉपमध्ये जाऊन बसला. मग आला तो एकाच वाक्याचा: सोमवारी मोशीला या, पत्ता पाठवते. मोशी आंबेठाण आणि आकुर्डीच्या मधे पडतं. तिथं तिनं ओळखीच्यांचं एक रिकामं गोदाम मिळवलं होतं, टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला जुनी चादर. पक्षी दोन्हीकडून यायचे, काही आंबेठाणहून, काही आकुर्डीहून; किसन नावाचा ड्रायव्हर त्यांना सुती पिशव्यांत घालून आणणार आणि लगेच परत नेऊन धरले तिथंच सोडणार. त्याची वेगळी परवानगी तिनं काढली होती. ज्योतीरामनं आत बसून राहायचं, कुठली पिशवी कुठली ते त्याला सांगायचं नाही, आणि व्हर्नियरचा डायल तिच्याकडे, म्हणजे काटा त्याला दिसायचा नाही. "तुमच्याऐवजी दुसरं कुणी बसवता आलं असतं," ती कोरडेपणानं म्हणाली, "पण मग चूक तुमची होती की सगळ्यांचीच असते, ते कळलं नसतं."

पहिली पिशवी आली. त्यानं हात घातला, पक्षी मुठीत घेतला आणि तसाच बाहेर काढून टेबलावर धरला. "ही आकुर्डीची," तो म्हणाला.

"कशावरून?"

"छातीचं हाड हाताला लागतंय. धार हाय धार." त्यानं पिशवी पुढं केली. "दुसरी द्या." दुसरीही त्यानं सांगितली. आंबेठाण. तिसरी, चौथी. उत्कर्षानं पिशव्यांवरच्या खुणा तपासल्या. चारही बरोबर होत्या. शहराच्या साळुंक्या खरोखरच वाळलेल्या होत्या, आणि हे त्याच्या मुठीला डोळे मिटूनही कळत होतं, त्यात बाप नव्हता की गाव नव्हतं. मूठ खरं बोलत होती, पण तिच्या त्या खऱ्यानंच अंगठा बिघडायचा. "मग अंगाला हात लावायचा नाही," उत्कर्षा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. तिनं पुढचा पक्षी स्वतः मऊ फडक्यात गुंडाळला, नुसता पाय बाहेर काढला, आणि ते गाठोडं दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर केलं. फडक्यातून आलेला एक पिवळा पाय. वजन नाही, ऊब नाही, गाव नाही.

अशा अकरा सकाळी झाल्या. आकडे तीच लिहायची, तो विचारायचा नाही. बाराव्या सकाळी, पिशव्या यायच्या आधी, ती म्हणाली, "काल रात्री मी सगळे मांडून बघितले. नडगीत फरक नाही, काका. काहीच नाही. वजनात आहे, ते तराजूचं होतं, त्याला तुमचा हात लागलेला नव्हता. शहरातली सात-आठ ग्रॅमनं हलकी. छातीवर मांस नाही. पण सांगाडा तोच."

"म्हंजी हाड तेवढंच."

"हाड तेवढंच. माझी पदवी एक वर्ष पुढं गेली. सरांनी रात्रीच फोनवर ऐकून घेतलं, मग म्हणाले, नडगीचं प्रकरण काढून टाक, नवं लिही. पण तुम्ही मापं कशी घेतलीत आणि ती का टाकावी लागली, तेही लिही." ती थकलेलं हसली. "तुमचं नाव घालू ना?"

"घाला की. चूक म्हनून घाला," तो म्हणाला. त्याला बरं वाटायला हवं होतं. पिल्लं अंड्यातून निघून पुरी वाढत होती, इथंसुद्धा, कँटीनच्या पत्र्याखाली आणि टॉवरच्या पाइपात. हाडाला शहरानं हात लावला नव्हता. पण छातीत एक जागा रिकामी झाली होती, जिथं इतकी वर्षं तक्रार बसून होती. शहरानं आपल्याला बारकं केलं, हे वाक्य त्यानं बापाकडून घेऊन एवढं जपलं होतं, की त्याच्या आधारानं न बोललेलं, न केलेलं, सोडून दिलेलं सगळं त्याला त्याच खात्यावर ढकलता येत होतं. हाड तेवढंच असेल तर? मग जे वाळलं ते रोजच्या खाण्यापिण्यातलं, रोजच्या वागण्यातलं. ते भरूनही येऊ शकतं. ते भरून का आणलं नाही, असं आता कुणीतरी विचारू शकत होतं, आणि विचारणारा तोच होता. त्यानं उठून खिडकीवरची चादर थोडी बाजूला केली. बाहेर हायवेवर ट्रेलरवर नव्या गाड्या चालल्या होत्या, एकावर एक, सगळ्या एका मापाच्या.

किसनची गाडी आली. उत्कर्षानं पिशवी उघडली, फडकं गुंडाळलं, पाय बाहेर काढून समोर धरला. ज्योतीरामनं बोट पुढं नेलं आणि पायानं ते धरलं. चारही नखं रोवून, फांदी धरावी तसं घट्ट. पूर्वी असं झालं की तो दुसऱ्या हातानं बोटं उलगडून घ्यायचा. वेळ जायचा नाही. आता तो थांबला. फडक्याच्या आत एक बारीक धडधड होती, ती नडगीतून त्याच्या बोटापर्यंत येत होती.

"काका?"

"जरा थांबा. सोडू द्या तिला."

गाडीचं इंजिन बाहेर चालूच होतं. उत्कर्षानं गाठोडं तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं पकड हळूहळू ढिली झाली, एकेक नख सुटलं. त्यानं डायल तिच्याकडे केला, जबडे टेकवले आणि म्हणाला, "बघा." तिनं बघितलं, लिहिलं, पक्षी पिशवीत घातला आणि पिशवी घेऊन बाहेर गेली. ज्योतीरामच्या बोटावर चार लहान खळगे उमटले होते. ते बुजेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत बसला.